गॅलरीचा कठडा आणि न झालेला पूल

सासूबाईंच्या गॅलरीत उभं राहिलं की समोर पलीकडचा किनारा दिसतो. इथले लोक त्याला 'कोंतिनेंते' म्हणतात, म्हणजे खंड. तोही इटली आणि आम्ही उभे असतो तीही इटलीच, पण मधे तीन किलोमीटर पाणी आहे आणि त्या पाण्याने बोलण्यातसुद्धा फरक पाडलाय. हवा स्वच्छ असली की रात्री पलीकडच्या कालाब्रिया प्रांतातल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे दिवे एकेक करून मोजता येतात. उन्हाळ्यात एखाद्या सकाळी पाण्यालगतच्या थंड हवेवर तापलेल्या हवेचा थर येतो आणि पलीकडची घरं उंच ताणल्यासारखी, पाण्यावर तरंगल्यासारखी दिसतात. या मृगजळाचं फाता मोर्गाना हे नाव याच मेसिनाच्या सामुद्रधुनीशी जोडलेलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवऱ्याला झोपेतून उठवून गॅलरीत आणलं होतं.

घर तोर्रे फारोला आहे. सिसिलीचं अगदी ईशान्य टोक, मेसिना शहराच्याच हद्दीत. मागे गांझिर्रीचं खाऱ्या पाण्याचं तळं, त्यात शिंपल्यांची शेती. पुढे वाळू, मासेमारीच्या होड्या आणि लाल-पांढरा लोखंडी मनोरा. पूर्वी या मनोऱ्यावरून विजेच्या तारा पलीकडे जायच्या. 1994 मध्ये समुद्राखालच्या केबल्सनी ते काम घेतलं, तारा उतरल्या, मनोरा राहिला. दोनशे मीटरहून उंच आहे, त्याच्या पायथ्याशी मान पूर्ण मागे टाकावी लागते. इथून पलीकडे जो झुलता पूल बांधायचा म्हणतात त्याचे मनोरे 399 मीटरचे असतील. त्यातल्या एकाच्या कामासाठी आणि जोडरस्त्यांसाठी या भागातली शेकडो घरं जायची आहेत. सासूबाईंचं घर त्या यादीत आहे.

एवढं सांगितल्यावर माझं मत काय असणार हे कोणीही ओळखेल. पण ते तितकं सरळ नव्हतं, म्हणून हे लिहितेय.

मी सिसिलीतल्याच कातानियाला भूशास्त्र शिकायला आले तेव्हा या पुलाची मोठी भक्त होते. त्याच्या आराखड्यासमोर मी तासन् तास बसलेली आहे. मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, 3,300 मीटरचा. आज जगात सगळ्यात मोठा गाळा तुर्कस्तानातल्या चानाक्कालेच्या पुलाचा, 2,023 मीटर, तो 2022 मध्ये सुरू झाला. म्हणजे विक्रम एकदम सव्वा किलोमीटरने पुढे न्यायचा, आणि वर सहा पदरी रस्त्याबरोबर दोन रेल्वेमार्गही. समुद्रात एकही खांब नाही, कारण तळ खोल आहे आणि प्रवाह दर सहा-एक तासांनी उलटा फिरतो. चार मुख्य केबल्स, प्रत्येकीचा व्यास 1.26 मीटर, प्रत्येकीत चव्वेचाळीस हजारांवर तारा. एवढ्या लांबीला केबल सगळ्यात जास्त भार स्वतःच्याच वजनाचा उचलत असते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. वाऱ्याने पूल हेलकावू नये म्हणून खालचा तक्ता एकसंध न ठेवता तीन वेगळ्या पेट्यांचा केलाय, कडेच्या दोन रस्त्यासाठी आणि मधली रेल्वेसाठी. पेट्यांच्या मधल्या फटींतून वारा निघून जातो. ही रचना या पुलासाठी शोधली गेली, आणि हा पूल कागदावर असतानाच फटी ठेवण्याची कल्पना जगातल्या दुसऱ्या मोठ्या पुलांवर वापरलीही गेली.

लोक विचारतात, भूकंपात पडणार नाही का? माझ्या विषयाचा प्रश्न आहे म्हणून सांगते, इतका लांब झुलता पूल संथ हलतो. त्याचा एक झोका पूर्ण व्हायला अर्धं मिनिट लागू शकतं, आणि भूकंपाचे जोरदार धक्के असतात सेकंदभराचे किंवा त्याहून छोटे. दोघांची लय जुळत नाही. जपानचा आकाशी काइक्यो पूल बांधून होत होता तेव्हाच, जानेवारी 1995 मध्ये, कोबेचा भूकंप झाला. मनोरे उभे होते, केबल्स चढलेल्या होत्या. जमीन सरकली आणि मनोऱ्यांमधलं अंतर जवळजवळ मीटरभराने वाढलं. 1,990 मीटरचा आखलेला गाळा 1,991 चा झाला. त्याप्रमाणे पुढचं काम बदललं आणि 1998 मध्ये पूल सुरू झाला.

म्हणून पुलाच्या पडण्याची भीती मला तितकीशी वाटत नाही. मला भीती वाटते ती पुलाच्या दोन्ही टोकांची. 28 डिसेंबर 1908 च्या पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी इथे 7.1 तीव्रतेचा भूकंप झाला, मागोमाग समुद्र आत आला. मेसिना आणि पलीकडचं रेज्जो ही दोन्ही शहरं जवळजवळ सपाट झाली. सगळ्यात कमी धरला तरी मृतांचा अंदाज पंच्याहत्तर-ऐंशी हजारांच्या आसपास येतो. तो भूकंप नेमक्या कोणत्या भ्रंशावर, म्हणजे जमिनीतल्या कोणत्या भेगेवर झाला, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ भूशास्त्रज्ञांचं एकमत झालेलं नाही. मी स्वतः त्या वादातले निबंध वाचत वाचत शिकले. नवीन पूल 7.1 च्या भूकंपाला टिकेल असा आखलाय. तो टिकेल, पण त्याला येऊन मिळणारे कालाब्रियातल्या ठिसूळ डोंगरांवरचे रस्ते, आणि मेसिनातली कितीतरी जुनी घरं, शाळा, दवाखाने टिकतील का? तसा भूकंप पुन्हा आला तर धडधाकट पूल दोन ढिगाऱ्यांना जोडून उभा असेल. हे चित्र मनात आलं त्या दिवसापासून माझी भक्ती ओसरायला लागली.

माझा नवरा मात्र पूल हवाच म्हणणारा आहे. आमच्या घरातलं सगळ्यात जुनं भांडण हेच. आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

रोमहून किंवा मिलानहून सिसिलीला येणारी रेल्वेगाडी अजूनही बोटीतून येते. चुलत सासरे चौतीस वर्षं त्या बोटींवर होते, त्यामुळे मला हे बारकाव्यांसकट माहीत आहे. कालाब्रियाच्या किनाऱ्यावरच्या व्हिल्ला सान जोव्हान्नीला गाडी थांबते, इंजिन सुटतं, डब्यांचे तुकडे केले जातात, आणि बोटीच्या पोटात रूळ असतात त्यांवर एकेक तुकडा ढकलला जातो. साखळ्या लागतात. रात्रीच्या गाडीत त्या आवाजाने हमखास जाग येते. मग बोट निघते, लोक वर जाऊन गरम अरांचिनो, म्हणजे भाताचे तळलेले गोळे, खातात. मेसिनाच्या बंदरात शिरताना खांबावरची सोनेरी मादोन्ना, म्हणजे मेरीमाता, हात वर करून उभी असते, आणि तिथे पुन्हा तुकडे जोडायचे. पाण्यावरचा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांचा, पण या सगळ्यात दीड-दोन तास जातात. माणसांना डब्यासकट समुद्र ओलांडून नेणारी अशी गाडी युरोपात आता जवळजवळ कुठेच उरलेली नाही. पर्यटकांना गंमत वाटते. चुलत सासऱ्यांच्या डोळ्यांत आजही त्या कामाचा अभिमान असतो.

पण नवऱ्याला त्या साखळ्यांचा आवाज सहन होत नाही. सासरे आजारी होते तेव्हा उपचार उत्तरेतल्या एका मोठ्या रुग्णालयात चालू होते. सात महिन्यांत अकरा खेपा झाल्या. विमान त्यांना झेपत नव्हतं, म्हणून गाडी. शेवटून दुसऱ्या खेपेला परत येताना सिरोक्को वारा इतका जोरात होता की व्हिल्ला सान जोव्हान्नीला गाडी रात्री चार तास उभी राहिली. खिडकीतून समोर तोर्रे फारोचं दीपगृह दिसत होतं, घर दिसत होतं म्हटलं तरी चालेल. सासरे फक्त एवढंच म्हणाले, "बघ, आई दिवा लावून बसली असेल." नवरा ही गोष्ट कोणाला सांगत नाही. मला एकदाच सांगितली. पुलाचा विषय निघाला की तो आकड्यांवर बोलतो, पण मला माहीत आहे तो त्या चार तासांबद्दल बोलत असतो.

यावर माझ्याकडे बरीच वर्षं उत्तर नव्हतं. एकदा आम्ही दोघं रेल्वेगाडीने कातानियाहून पालेर्मोला निघालो होतो. दोनशे-एक किलोमीटरचं अंतर, गाडीला तीन तास, कारण कितीतरी भागात एकच रेल्वेमार्ग, समोरून गाडी आली की थांबायचं. मोटरवेने जावं तर 2015 मध्ये दरड सरकून इमेरा नदीजवळचा उड्डाणमार्ग खचला आणि बेटाची दोन मोठी शहरं जोडणारा रस्ता तुटला, त्यामुळे त्या काळात तोही पर्याय धड नव्हता. त्या गाडीत बसून मी त्याला म्हटलं, बाबांना उत्तरेत का जावं लागलं? तेराशे किलोमीटर का जावं लागलं? पूल असता तर त्या प्रवासातले दोन तास वाचले असते. इथे तसं रुग्णालय असतं तर सगळाच प्रवास वाचला असता.

तो बराच वेळ बाहेर बघत होता. मग म्हणाला, "रुग्णालयही देत नाहीत आणि पूलही देत नाहीत. निदान पूल तरी मागू दे."

त्याच्या या वाक्याला अजून माझ्याकडे उत्तर नाही. आपल्या वाट्याला नेहमी उरलंसुरलं येतं, असं ज्यांना पिढ्यान् पिढ्या वाटत आलंय त्यांना एकदा जगातली सगळ्यात मोठी वस्तू देऊ केली, तर ती हवीशी वाटणारच. अठ्ठेचाळीस लाख लोकांचं बेट आहे हे. देशाशी जोडलं जावं ही मागणी साधी आहे, न्याय्य आहे.

आणि जोडल्याने फायदे होतात, हे दुसरीकडे दिसलेलं आहे. डेन्मार्कने ग्रेट बेल्टची सामुद्रधुनी 1997 मध्ये रेल्वेने आणि 1998 मध्ये रस्त्याने जोडली. तासाभराचा बोटीचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांवर आला आणि देशाचे दोन भाग खरोखर एक झाले. जपानमध्ये 1955 साली सेतो समुद्रात शिउन मारू नावाची रेल्वेची फेरीबोट धुक्यात टक्कर होऊन बुडाली, 168 माणसं गेली, त्यांत सहलीला निघालेली शाळेतली मुलं मोठ्या संख्येने होती. त्यानंतर पुलाची मागणी थांबली नाही आणि 1988 मध्ये पूल झाला. मात्र त्याच जपानने होन्शू आणि शिकोकू या बेटांच्या मध्ये एकाच्या जागी तीन मार्ग बांधले, कर्ज डोईजड झालं, सरकारला ते अंगावर घ्यावं लागलं. शिकोकूची लोकसंख्या काही वाढली नाही. मोठ्या शहराशी सोपा रस्ता झाला की छोट्या गावातला माणूस आणि पैसा नळीतून ओढल्यासारखा तिकडे जातो, याला जपानीत स्ट्रॉचा परिणामच म्हणतात. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिथे 1988 मध्ये बेटावरच्या लोकांचं मतदान घेतलं. पक्का दुवा हवा की नको? जवळजवळ साठ टक्के हो म्हणाले, चाळीस टक्के नाही म्हणाले, आणि 1997 मध्ये जवळपास तेरा किलोमीटरचा पूल सुरू झाला. मेसिनाच्या लोकांना असं सरळ कोणी विचारलेलं नाही.

इथे विचारण्याऐवजी दर काही वर्षांनी जाहीर केलं जातं. ही सामुद्रधुनी ओलांडण्याची खटपट तशी फार जुनी. इ.स.पू. 251 च्या सुमारास रोमन सेनापती मेतेल्लसने कार्थेजकडून जिंकलेले शंभराहून जास्त हत्ती रांजण एकमेकांना बांधून केलेल्या तराफ्यांवरून पलीकडे नेले, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. आधुनिक गोष्ट सुरू होते 1971 च्या कायद्यापासून. तेव्हा सासूबाई तेवीस वर्षांच्या होत्या. 1981 मध्ये पुलासाठी सरकारी कंपनी निघाली, तेव्हा माझ्या नवऱ्याचा जन्मही व्हायचा होता. 2006 मध्ये कंत्राटावर सह्या झाल्या आणि त्याच वर्षी नव्या सरकारने पूल बाजूला ठेवला. दोन-तीन वर्षांत पुढच्या सरकारने पुन्हा काढला. 2013 मध्ये सगळं रद्द होऊन कंपनी मोडीत काढायला घेतली. 2023 मध्ये वटहुकूम काढून तीच कंपनी आणि तोच आराखडा पुन्हा उठवला. 2024 च्या वसंतात भूसंपादनाच्या याद्या लागल्या. 6 ऑगस्ट 2025 ला साडेतेरा अब्ज युरोंच्या खर्चाला मंत्र्यांच्या समितीची मंजुरी मिळाली.

या चोपन्न वर्षांत सासूबाईंच्या घराचं काय झालं ते सांगते, कारण मला खरं सांगायचंय ते हेच आहे.

गॅलरीचा कठडा लोखंडी आहे. समुद्र चाळीस पावलांवर, खारा वारा दिवसरात्र. गंज चढून सळ्या फुगल्या आहेत, गॅलरीच्या स्लॅबच्या खालचे पोपडे पडतात. स्वयंपाकघराच्या छताला ओल आहे. सासरे दरवर्षी म्हणायचे, यंदा गवंडी बोलावू. मग बातमी यायची की पूल होणार. पाडायच्या घरावर पैसे कशाला घालायचे? मग बातमी यायची की पूल रद्द. मग म्हणायचे, थोडं थांबू, पुन्हा काढतील. थांबता थांबता ते गेले. शेजारच्या घराला गिऱ्हाईक मिळत नाही, कारण संपादनाच्या रेषेतलं घर कोण घेणार? पलीकडच्या गल्लीतल्या एका जोडप्याने मुलासाठी वरचा मजला चढवायचा ठरवला होता, त्याचे खांब अर्ध्यावर सोडलेले आहेत, त्यांच्या सळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. गावभर असंच आहे. बोटींचं म्हणाल तर तेच. नव्या वेगवान बोटी आणा, धक्के सुधारा असं कोणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, पूल होतोय की आता.

मेसिनाला थांबण्याची सवयच लावली गेलीय. 1908 नंतर बेघरांसाठी जी तात्पुरती खोपटी उभारली, त्या वस्त्या शंभर वर्षं टिकल्या. पत्र्याच्या, ॲस्बेस्टॉसच्या छपरांखाली पिढ्या वाढल्या. ती हटवून माणसांना खरी घरं द्यायला 2021 मध्ये खास आयुक्त नेमावा लागला. सासूबाईंच्या आजी भूकंपात चार वर्षांच्या होत्या. त्या अशाच एका वस्तीत लहानाच्या मोठ्या झाल्या, आणि तिथून निघून तोर्रे फारोला पक्कं घर बांधलं याचा या कुटुंबाला केवढा अभिमान आहे, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि हे सगळं चालू असताना बेटावर पाणी नाही. 2024 च्या दुष्काळात आणीबाणी जाहीर झाली. माझी नणंद अग्रिजेंतोला राहते, तिथे नळाला पाणी पंधरवड्यातून एकदा यायचं. ती टँकरवाल्याला फोन करत बसायची. जुन्या पाइपांतून सिसिलीतलं जवळजवळ निम्मं पाणी वाटेतच गळून जातं. पुलाच्या पैशातला काही वाटा या प्रदेशांच्याच विकासनिधीतून वळवलाय, हे वाचून नणंद फोनवर रडली. मी तिला काय सांगणार होते?

म्हणून माझं मत असं झालंय. हा पूल आत्ता बांधू नये. आधी पाइप, आधी रुग्णालयं, आधी बेटाच्या आतली रेल्वे, आधी घरं आणि शाळा भूकंपाला टिकतील अशा करणं, आणि सामुद्रधुनीवर चांगल्या बोटी. मात्र नुसतं 'आत्ता नको' म्हणून पुन्हा पाच वर्षांनी उकरून काढणं मला मान्य नाही. नको तर कायद्याने नको म्हणा, जमिनीवरची संपादनाची रेषा पुसा, लोकांच्या हातात तसं पत्र द्या. आणि हवाच असेल तर लोकांना विचारा, नव्याने निविदा काढा, तारीख सांगा आणि घरांचे पैसे आधी द्या. नवरा यातल्या दुसऱ्या वाक्यावर भांडतो, तिसऱ्या-चौथ्यावर मान डोलावतो. आमचं इतपत जमलंय.

29 ऑक्टोबर 2025 ला रोममधल्या लेखापरीक्षण न्यायालयाने, कोर्ते देई कोन्तीने, ऑगस्टमधल्या त्या मंजुरीवर शिक्का द्यायला नकार दिला. पर्यावरणाचे युरोपीय नियम, कंत्राटाची रक्कम इतकी वाढल्यावर नव्याने निविदा न काढणं, अशा हरकती होत्या. सरकार म्हणालं, आम्ही पुढे जाणारच. संध्याकाळी टीव्हीवर हे चालू असताना आम्ही सगळे सासूबाईंकडे होतो. नवरा चिडून उठून गेला. मी सुटल्यासारखा श्वास घेतला, आणि त्याच्यासमोर घेतला म्हणून मलाच वाईट वाटलं. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. मटार सोलत होत्या, सोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला गवंड्याचा नंबर लावायला सांगितला.

"माम्मा, पण अजून काही नक्की नाही," मी म्हटलं. "ते पुन्हा मंजुरी आणतील म्हणतायत."

"माहीत आहे. मी सत्याहत्तर वर्षांची आहे. फोन लाव."

गवंडी गुरुवारी आला. कठड्याच्या सळ्या हाताने हलवून पाहिल्या, तीन तर हातातच आल्या. स्लॅब खालून ठोकून पाहिला. कठडा नवीन करावा लागेल म्हणाला, आणि एवढ्या खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड नको, जस्ताचा मुलामा दिलेलं घ्या, महाग पडेल पण तीस वर्षं बघायला नको. सासूबाईंनी तीस वर्षांचं लगेच सांगितलं. नवऱ्याने न बोलता माप घ्यायला टेपचं दुसरं टोक धरलं. चार मीटर वीस.